समुपदेशन कक्षाबाहेरचा बाक

पहिल्या दिवशी आम्हाला दारं दाखवली. ठाण्यात घोडबंदर रोडला नव्यानेच उभ्या राहिलेल्या एका विद्यापीठात मी वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्सला प्रवेश घेतला होता, आणि नव्या मुलांना कॅम्पस फिरवायला एक सिनियर मुलगी आली होती. हे मदत केंद्र, हा शिष्यवृत्तीचा विभाग, ही लायब्ररी, हा भाषा कक्ष, इंग्रजी कच्चं वाटत असेल तर वर्ग सुटल्यावर इथे यायचं, हा आरोग्य कक्ष, आणि वर दुसऱ्या मजल्यावर समुपदेशन, म्हणजे मन लागत नसेल, झोप येत नसेल, काहीही असेल तर. प्रत्येक दारापाशी ती थांबायची आणि म्हणायची, अजिबात संकोच करायचा नाही, फक्त विचारायचं. माझं अर्धं लक्ष खाली गेटकडे होतं, कारण तिथे आमची गाडी उभी होती आणि गाडीत आई, बाबा, काका आणि चुलतभाऊ मी बाहेर येईपर्यंत बसून राहणार होते. काकांनी सिक्युरिटीवाल्यालाही पेढा दिला होता.

मी डोंबिवली पूर्वेची, मानपाड्याच्या पलीकडच्या गावातली. गाव म्हणायचं ते सवयीने. आजोबांच्या वेळी तिथे भाताची शेतं होती, माझ्या वेळी इमारती होत्या, आणि मधल्या काळात आमच्या आगरी घरात पैसा आला, त्याच्या पाठोपाठ कोर्टाच्या तारखा आल्या. काका कल्याणच्या कोर्टात जायचे आणि येताना वकिलाला शिव्या घालत यायचे. मग एका नातेवाइकाच्या हळदीत, बँजोच्या दणदणाटात, त्यांनी बाबांच्या कानात ओरडून सांगितलं की घरात आपला एक वकील पाहिजे, परक्यांच्या नादी किती दिवस लागायचं. बारावीला बरे मार्क मिळवलेली घरात एकटी मीच होते. मला विचारलं नाही असं नाही. विचारलं, आणि मी हो म्हणाले, कारण त्या आवाजात 'विचार करून सांगते' हे कुणाला ऐकूच गेलं नसतं.

माझं पहिलं लेक्चर व्हायच्या आधी चौकात बॅनर लागला. आमच्याकडे बॅनर लागणं यात नवल काही नाही, शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसालाही लागतो. पण माझ्या बॅनरवर मावसबहिणीच्या लग्नातला माझा नथ घातलेला फोटो होता, त्याखाली 'भावी वकील', आणि शुभेच्छुक म्हणून सगळे काका, आत्तेभाऊ, मामेभाऊ, निम्मे कानाला फोन लावलेले. काकांचा फोटो माझ्या फोटोपेक्षा मोठा होता. दुसऱ्या दिवसापासून भाजीवाली मला वकीलबाई म्हणायला लागली, रिक्षावाले वाट द्यायला लागले, आणि मला कोर्समध्ये कोणकोणते विषय आहेत हेसुद्धा अजून धड माहीत नव्हतं.

मग वर्ग सुरू झाले आणि मला काही कळेना. हे मी आज एका ओळीत लिहिते, तेव्हा ते स्वतःशी कबूल करायलाही मला फार वेळ लागला. दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम. अकरावी-बारावी कॉमर्स, तेव्हा क्लासच्या नोट्स पाठ करून निभावून गेलं. इथे नोट्स नव्हत्या. इथे एखादा निकाल वाचायला द्यायचे, पानंच्या पानं इंग्रजी, आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे की तुम्हाला काय वाटतं. मला काही वाटायचंच नाही, कारण वाटायला आधी कळावं लागतं. सर वर्गात विनोद करायचे, सगळे हसायचे, आणि मी सगळ्यांच्या मागून हसायचे, जरा जास्तच.

तेव्हापासून माझ्या पायांना चैन पडेना. बसल्या जागी टाच आपटत राहायची, पुढच्या बाकावरच्या मुली वळून बघायच्या. मी पाणी प्यायला उठायचे. पाणी पिऊन झालं की बाटली भरायला, बाटली भरली की तोंड धुवायला. हळूहळू मी लेक्चर अर्धं टाकून बाहेर पडायला लागले आणि नुसती फिरायला लागले. वरच्या मजल्यावरून खाली, मागच्या जिन्याने पुन्हा वर, कँटीनला वळसा, पार्किंगला वळसा. कुठेच जायचं नव्हतं, पण थांबलं की छातीत धडधडायचं. चालता चालता मी स्वतःवर चिडायचे, सरांवर चिडायचे, इंग्रजांवरसुद्धा चिडायचे. नखं तर एकही शिल्लक ठेवलं नव्हतं.

इतकी दारं दाखवली होती तर एखाद्या दारात मी गेले का नाही, असं कुणीही म्हणेल. ते कळायला आमची रीत कळावी लागेल. आमच्याकडे कुणाचं काही काम असलं की तो येतो आणि ओटीवरच्या झोपाळ्यावर बसतो. चहा होतो. पाऊसपाणी होतं, कुणाची सोयरीक जमली, कुणाची मोडली, मासळी किती महागली, सगळं होतं. कामाचं अक्षर तो काढत नाही. शेवटी घरचा माणूस विचारतो की आज काय काम काढलं. मग तो सांगतो, आणि सांगितल्यावर त्याला नाही म्हणायचं नसतं. आपणहून तोंड उघडून मागणं म्हणजे समोरच्यावर विश्वास नसल्यासारखं होतं, आणि दारात आलेल्याला विचारलं नाही तर ती घरच्यांची बेअब्रू. मी याच घरात वाढले. मला लहानपणापासून काही झालं की मी आईच्या पुढ्यात नुसती जाऊन बसायचे, आणि ती विचारायची, "काय झाला गो?"

तर मी दुसऱ्या मजल्यावर गेले. समुपदेशन कक्षाबाहेर एक लाकडी बाक होता. मी त्यावर बसले. माझ्या हिशेबाने माझं सांगून झालं होतं.

आत एक मॅडम बसायच्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, आवाज बारीक. दार त्या कधी पूर्ण लावायच्या नाहीत. मधूनच बाटली भरायला बाहेर यायच्या, माझ्याकडे बघून हसायच्या, मीही हसायचे, आणि त्या पुन्हा आत जायच्या. मला वाटायचं, आता येताना विचारतील. येताना त्या पुन्हा हसायच्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाऊन बसले, तिसऱ्या दिवशीही. पुढे तर लेक्चर टाकून बाहेर पडले की माझे पाय आपोआप तिकडेच वळायला लागले. बसायचं, टाच आपटायची, उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, परत येऊन बसायचं. मॅडम हसायच्या. शेवटी शेवटी मला त्या हसण्याचा संताप यायला लागला. एक मुलगी रोज दारात येऊन बसते, हिचा चेहरा दिसत नाही का या बाईला? आमच्याकडे परक्याचा कुत्रा ओटीवर आला तरी कुणी तरी विचारतं.

वर्गात माझ्याशेजारी शहाडची एक मुलगी बसायची. तिचंही माध्यम मराठीच, घर चाळीतलं, आणि तिने विद्यापीठातलं एकही दार सोडलं नव्हतं. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर ती पहिली, लायब्ररीत वर्षभरासाठी पुस्तकं मिळतात म्हटल्यावर तिथे पहिली, भाषा कक्षात तर ती रोजच. तिच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासिका आहे, तिथल्या मोठ्या मुलामुलींनी तिला इथे यायच्या आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. कुठे काय मिळतं, कोण टाळाटाळ करतं, कुणाकडे दुपारच्या जेवणानंतर जायचं. मला तिचा हेवा वाटायचा. तिलाही निकाल कळत नव्हते, पण न कळण्याची तिला लाज नव्हती, ती वर्गात हात वर करून सांगायची की सर, हे परत सांगा.

मी बाकावर जाऊन बसते हे तिला समजलं तेव्हा ती डबा खात होती.

"अगं, बाहेर बसून काय होणारे? आत जा ना. खाणारे का ती बाई तुला?"

मी म्हटलं, त्यांनी विचारायला नको का. त्यावर ती इतकी हसली की तिला डबा खाली ठेवावा लागला. मला राग आला. ते बघून ती जरा सावरली आणि म्हणाली, "तुझं बरंय, तुमच्याकडे न मागता ताटात पडतं. आमच्याकडे ओरडल्याशिवाय नळाला पाणी पण येत नाय. म्हणून मला मागता येतं, तुला नाय येत. बस." तिनेच मग मला हाताला धरून भाषा कक्षात न्यायचं ठरवलं.

पण तिथे गाडी आडवी आली. मला रोज न्यायला-आणायला चुलतभाऊ गाडी घेऊन यायचा. बसने जाते म्हटलं तर घरात सगळ्यांना आपला अपमान झाल्यासारखं व्हायचं, गाडी कशाला घेतली मग. वर्ग सुटायच्या आधीच तो गेटवर हजर असायचा आणि भाषा कक्ष सुरू व्हायचा वर्ग सुटल्यावर. मी त्याला सांगितलं की आज जादा तास आहे. तो म्हणाला, मग मी थांबतो, त्यात काय. आणि तो थांबला तो गाडीत नाही, वर आला, भाषा कक्षाच्या बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. जिम करणारा, गळ्यात साखळी, फोनवर गाणी चालू. आत आम्ही आठ-दहा जण गोल करून बसलो होतो आणि शिकवणाऱ्या बाईंनी मला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगितलं. मी शब्दाशब्दाला अडखळत वाचत होते. मान वर केली तर दारात हा उभा, चेहरा अभिमानाने फुललेला, आणि हातातल्या फोनवर माझा व्हिडिओ काढतोय. घरी पोचेपर्यंत तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर गेला होता आणि त्यावर फुलं, वाघ आणि टाळ्या पडल्या होत्या. काकांनी लिहिलं होतं, फाडफाड इंग्लिश. मी पुन्हा भाषा कक्षात गेले नाही.

त्याचा राग येत नाही मला, तेव्हाही आला नव्हता. भर दुपारी ठाण्यापर्यंत गाडी हाकत यायचं, वर तासभर उभं राहायचं, हे कोण करतो? पण माझ्या मदतीला धावून येणारी माणसं इतकी होती की त्यांच्या गर्दीत मला माझी अडचण ठेवायला जागा उरली नव्हती.

आणि गंमत अशी की घरात आता मला कुणी काही विचारत नव्हतं. बॅनर लागल्यापासून ते बंदच झालं होतं. मी ओटीवर जाऊन बसले की आई म्हणायची, दमली असेल गं, एवढा अभ्यास, आणि पुढ्यात तळलेली मांदेली यायची. संध्याकाळी मी गच्चीवर नुसत्या येरझाऱ्या घालायचे, तर काका आलेल्या पाहुण्यांना खालून बोट करून दाखवायचे की बघा, केसचा विचार करते ती. एकदा त्यांनी जमिनीच्या कागदांची फाईल माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, बघ काय करता येतं. मी पानं उलटली. भुवया आक्रसून 'बघते' म्हणाले. काका समाधानाने उठून गेले आणि मी त्या फाईलकडे बघत बसून राहिले. यातलं मला आज काही कळत नाही आणि उद्याही कळणार नाही, हे त्या वेळी मला स्वच्छ दिसलं.

त्याच आठवड्यात मी मनाशी ठरवलं की दिवाळीनंतर यायचं नाही. विद्यापीठ सोडायचं. ठरवल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, ते झालं नाही, उलट चालणं वाढलं. कारण सोडायचं म्हणजे घरी सांगायचं, आणि घरी सांगायचं तर आधी कुणी तरी विचारायला हवं होतं. मला भीती काकांची नव्हती. काका ओरडले असते, चार दिवस फुगले असते आणि पाचव्या दिवशी दुसरा बॅनर छापायला गेले असते. मला भीती बाबांची होती. बाबा कधी ओरडत नाहीत. शाळा त्यांची लवकर सुटली, बोलणं आधीपासूनच कमी, चारचौघांत ते काकांच्या मागे उभे राहतात. पण प्रवेश झाला त्या दिवशी घरी जाताना ते गाडीत पुढच्या सीटवर बसून माझं ओळखपत्र हातात धरून होते, डोंबिवली येईपर्यंत त्यांनी ते परत दिलं नव्हतं. त्या माणसाला सांगायचं होतं की मला जमत नाही.

माझ्याऐवजी वर्गशिक्षिकेनेच घरी फोन केला. तुमची मुलगी वर्गात बसत नाही, हजेरी फार कमी झाली आहे, एकदा येऊन भेटा, आणि समुपदेशन कक्षात त्या मॅडमना भेटलात तर जास्त बरं. हे मला नंतर कळलं, कारण घरी मला कुणीच काही बोललं नाही. सकाळी नेहमीसारखी गाडीतून गेले, नेहमीसारखी दुपारच्या लेक्चरमधून बाहेर पडले आणि नेहमीसारखी दुसऱ्या मजल्यावर आले.

बाकावर बाबा, काका आणि चुलतभाऊ बसले होते.

तिघंही इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. काकांच्या मांडीवर शाल, वर नारळ, बाजूला मिठाईचा मोठा बॉक्स. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नसतं. मी जिन्यापाशीच थबकले. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मॅडम बाटली भरायला बाहेर आल्या, त्यांनी तिघांकडे बघून हसून मान हलवली, तिघांनीही हसून मान हलवली, आणि मॅडम आत गेल्या. दार अर्धवट उघडं. काकांनी नारळ सारखा केला. थोड्या वेळाने मॅडम पुन्हा बाहेर आल्या, कुणाला तरी कागद देऊन परतल्या, पुन्हा तेच हसणं. काका हळूच बाबांना म्हणाले की बाई बिझी दिसतात, विचारतील. बाबांनी मान डोलावली. ते गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते आणि त्यांची टाच खाली सारखी आपटत होती.

ते बघून मला हसू आलं. हे संध्याकाळपर्यंत असेच बसून राहिले असते. रात्री घरी जाऊन म्हणाले असते की विद्यापीठवाल्यांना माणुसकी नाही. मी चालत पुढे गेले, त्यांच्यासमोरून दारापर्यंत, आणि दार वाजवलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

आम्ही चौघं आत गेल्यावर बोलायला काकांनी सुरुवात केली. शाल मॅडमच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला, चुलतभावाने त्याचा फोटो काढला. मग पोरगी आमची किती हुशार, घराणं कसं, काही कमीजास्त असेल तर सांगा, कुणाशी बोलायला लागलं तर आपली माणसं आहेत, मंत्रालयापर्यंत आहेत. मॅडम शाल अंगावर तशीच ठेवून शांतपणे ऐकत होत्या. काका श्वास घ्यायला थांबल्यावर त्या म्हणाल्या की तुम्ही दोघं जरा बाहेर बसाल का, फक्त वडील आणि मुलगी राहू देत. काकांना हे आवडलं नाही, पण ते उठले. दार त्यांनी स्वतःच अर्धवट उघडं ठेवलं.

मॅडमनी शाल घडी करून बाजूला ठेवली. माझ्या अंगात पुन्हा ते चढायला लागलं, उठावं, बाटली भरावी, कुठेही जावं. आणि एकदम माझ्या तोंडून निघालं ते मॅडमवरच निघालं.

"मी रोज इथे बाहेर बसायचे. तुम्ही एकदाही विचारलं नाही."

त्या चमकल्या नाहीत. म्हणाल्या, "बघत होते मी. तू कधी आत येतेस म्हणून रोज दार उघडं ठेवत होते." मग त्यांनी सांगितलं की त्यांना शिकवलं आहे तसंच, मूल स्वतः आत येईपर्यंत ओढायचं नाही, नाही तर ते उद्यापासून बाकावरही येत नाही. त्या हे सांगत असताना मी बाबांकडे बघत होते. त्यांना बाकाचं काही माहीत नव्हतं. मी रोज इथे बसायचे याचा अर्थ त्या खोलीत त्यांच्याइतका कुणालाच कळला नसेल. आपलं माणूस दिवसचे दिवस कुणाच्या तरी दारात बसून होतं आणि त्याला कुणी विचारलं नाही, आणि घरी आल्यावर आपणही विचारलं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

मॅडमना सांगायला माझ्याकडे शुद्ध मराठी होती, मोडकंतोडकं इंग्रजीही होतं. पण मी बाबांकडे वळले आणि घरच्या बोलीत बोलले.

"बाबा, मना वर्गात काय समजत नाय."

झालं. एवढंच होतं ते. मला वाटलं होतं काही तरी कोसळेल. बाबा उठले, खाली ठेवलेली माझी बॅग उचलली आणि स्वतःच्या खांद्याला लावली.

"चल घरा," ते म्हणाले. "तरास होतंय ना तुना? मंग नको. गावात काय सांगाचा ता मी सांगन."

राग नव्हता, निराशाही नव्हती, जत्रेत दमलेल्या मुलाला उचलून घ्यावं तसा तो आवाज होता. आणि हेच तर मला महिनोन्महिने हवं होतं, की कुणी तरी यावं आणि मला इथून घेऊन जावं, मी न मागता. गाडी खाली उभी होती. जिना उतरायचा फक्त. माझी बॅग त्यांच्या खांद्यावर होती, ते दाराकडे वळले होते, आणि मला कळलं की मी आता यांच्या मागून गेले तर मला कुणीही कधीही बोल लावणार नाही, आयुष्यभर हे माझ्या वाटचं सगळं सांभाळून घेतील, आणि मी कायम गच्चीवर येरझाऱ्या घालीत राहीन. मी बॅगेचा पट्टा धरला.

"नको, बाबा. मी थांबते."

त्यांना वाटलं मी लोकांच्या लाजेने म्हणते आहे. ते समजावू लागले की लोकांचं काही मनावर घेऊ नको. मी म्हटलं, लोकांसाठी नाही. मना शिकाचाय. हे वाक्यही मी पहिल्यांदाच बोलत होते, हळदीच्या गोंगाटात हो म्हटलं होतं त्यानंतर हे पहिलंच माझं स्वतःचं. बाबांनी मॅडमकडे बघितलं आणि विचारलं की शिकेल का ती. मॅडम म्हणाल्या, ते मी कसं सांगणार, तिला विचारा. बाबा जरा गोंधळले. त्यांना वाटलं होतं, या शिकलेल्या बाई, यांना माहीत असणार. मग ते माझ्याकडे वळले.

"शिकशील का गो?"

"म्हायती नाय," मी म्हणाले. खोटं बोलणं सोपं होतं, पण त्यांनी इतक्या दिवसांनी विचारलं होतं.

त्यांनी मान हलवली. खांद्यावरची बॅग काढली, मी बसले होते त्या खुर्चीवर ठेवली, नीट, पडू नये अशी. उद्यापासून गाडी येणार नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही, बाहेर जाऊन चुलतभावाला सांगितलं. तो का म्हणून विचारायला लागला तर म्हणाले, बसनी येल ती, तिचा टाइम तिला म्हायती. काका तोपर्यंत उभे राहिले होते. झालं काय नक्की, बाई काय म्हणाल्या, फोन लावू का कुणाला, असं त्यांचं एकामागून एक सुरू झालं. बाहेर आणखी मुलं होती, शिपाई होता, शेजारच्या खोलीतले दोघं दारात आले होते. मी आतून ऐकत होते. बाबांनी वाकून चपला पायात सरकवल्या, आणि भात अजून व्हायचाय हे सांगावं तितक्या सहज, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काकांना सांगितलं, "काय झाला नाय. तिला आजून समजत नाय. समजल."